टेस्ट आधी फेल करून पाहा

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला जावा बऱ्यापैकी येते. सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळ तपासणाऱ्या साधनाच्या रेकॉर्डरने (माझ्या क्लिक टिपून त्यांची टेस्ट बनवणाऱ्या सोयीने) मी लॉगिनची टेस्ट तयार केली, पण ती कधी पास होते, तर कधी काहीच न बदलता फेल होते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर पाच सेकंदांचा स्लीप (ठरावीक वेळ नुसते थांबण्याची आज्ञा) टाकला आहे. पुढे सेलेनियमच शिकावे की प्लेराइट या तशाच दुसऱ्या साधनाकडे वळावे? टेस्टिंगची प्रमाणपत्र परीक्षा आधी द्यावी का?

उत्तर : तुमच्या प्रश्नांची उत्तरे देतोच, पण आधी त्या लहरी टेस्टविषयी लिहितो, कारण या क्षेत्रातील निम्मे शिक्षण तिच्यातच दडलेले आहे. पेज उघडले असे ब्राउझर सांगतो, तेव्हाही त्यातील जावास्क्रिप्ट सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत असू शकते. बटण दिसत असते, पण दाबण्याजोगे झालेले नसते, आणि तुमची टेस्ट माणसापेक्षा कितीतरी वेगाने त्यावर क्लिक करून मोकळी होते. स्लीपने हे दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. सर्व्हरला सहा सेकंद लागले की टेस्ट पुन्हा फेल होते, आणि अर्ध्या सेकंदात काम झाले तरी उरलेले साडेचार सेकंद वाया जातात. हिशेब करून पाहा : प्रत्येकी सहा स्लीप असलेल्या ४० टेस्ट झाल्या, की एका फेरीत २० मिनिटे निव्वळ झोपण्यात जातील.

यावर उपाय म्हणजे वेळेची नव्हे, स्थितीची वाट पाहणे. सेलेनियममध्ये त्यासाठी एक्स्प्लिसिट वेट आहे : ‘लॉगिननंतरचे शीर्षक दिसेपर्यंत थांब, मात्र दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.’ शीर्षक दिसताच टेस्ट पुढे सरकते. त्याच्या जोडीला इम्प्लिसिट वेट (पेजवरील प्रत्येक घटक शोधताना सरसकट लागू होणारी थांबण्याची मुदत) लावू नका. दोन्ही एकत्र आले की टेस्ट नेमकी किती वेळ थांबेल याचा अंदाज येत नाही.

रेकॉर्डरने दिलेले लोकेटरही (पेजवरचा घटक शोधण्याचे पत्ते) एकदा तपासा. ‘तिसऱ्या डिव्हमधल्या दुसऱ्या डिव्हमधले बटण’ अशा थाटाचा एक्सपाथ (पेजच्या कप्प्यांतून, म्हणजे डिव्हमधून, घटकापर्यंत जाणारा मार्ग) असेल, तर डिझायनरने मध्ये एक पट्टी टाकताच तो निकामी होईल. सहसा न बदलणारा आयडी किंवा केवळ टेस्टिंगसाठी घटकाला लावलेली खूण (ॲट्रिब्यूट) शोधा; तो नसेल तर डेव्हलपरकडे मागा. असे मागणे हा टेस्टरच्या कामाचाच भाग आहे, आणि नवखे लोक संकोचाने नेमके तेच टाळतात.

तुमची टेस्ट पास होते म्हणजे ती काय तपासते, हे पत्रात कुठेच आलेले नाही. आता मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून ती चालवा. तरीही ती पास झाली, तर ती बहुधा पेज उघडले एवढेच पाहते आहे आणि लॉगिन झाले की नाही याच्याशी तिला देणेघेणे नाही. रेकॉर्डर क्लिक टिपतो. त्या क्लिकनंतर काय खरे असायला हवे, हे तुम्हालाच लिहावे लागते. जी टेस्ट योग्य कारणासाठी फेल होताना मी पाहिलेली नाही, तिच्या हिरव्या खुणेवर मी विश्वास ठेवत नाही.

आता साधनाविषयी. सेलेनियम २००४ मध्ये थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केले, आणि त्यातील वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला आज्ञा देण्याची पद्धत, २०१८ पासून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक आहे. त्यामुळे जुन्या, मोठ्या प्रकल्पांत ते खोलवर रुजलेले आढळते. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० चे. त्यात क्लिक करण्यापूर्वी बटण दिसते आहे का, स्थिर आहे का, सक्रिय आहे का, हे आपोआप तपासले जाते. ते जावातही चालते, त्यामुळे नवी भाषा शिकावी लागणार नाही. तरीही माझे मत असे, की महिनाभर सेलेनियमवरच राहा, सगळे वेट स्वतः लिहा आणि मग प्लेराइटकडे या. ते तुमच्या वतीने काय करते हे कळलेले असेल, तर ते अडेल तेव्हा तुम्ही अडणार नाही.

प्रमाणपत्राची घाई नको. टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेच्या फाउंडेशन परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी २६ गुण लागतात. त्यातून परिभाषा पक्की होते आणि सीमामूल्यांसारखी तंत्रे समजतात (वयाची अट १८ ते ६० असेल, तर १७, १८, ६० आणि ६१ तपासायचे), मात्र कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. जाहिरातीत मागितले असेल तर अवश्य द्या.

मुलाखतीसाठी गिटहबवर आठ-दहा टेस्टचा छोटा संच ठेवा, जो प्रत्येक पुशनंतर (नवा कोड तिथे चढवल्यावर) आपोआप चालेल. सवलतीच्या हिशेबाचे वीस प्रकार ब्राउझरमधून तपासत बसू नका. ते युनिट (कोडचा एकेक तुकडा) किंवा एपीआय (ब्राउझरविना थेट सर्व्हरशी बोलणे) पातळीवर सेकंदांत होतात. ब्राउझरसाठी लॉगिन, खरेदी, पैसे भरणे असे मोजकेच मार्ग राखून ठेवा. दुसऱ्यांच्या चालू संकेतस्थळांवर परवानगीशिवाय टेस्ट चालवू नका. सरावासाठी सॉस डेमो हे खोटे दुकान आहे. तिथे एक वापरकर्ता मुद्दाम मंद ठेवलेला आहे. तुमचे सगळे स्लीप काढून टाका आणि त्याच्या नावाने लॉगिनची टेस्ट सलग वीस वेळा चालवून पाहा.