तानपुऱ्याचा सूर सारखा उतरतोय? आधी खुंट्या बघ

अरे लगेच जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यावर, संशय घेऊ नकोस, नवीन तार चार दिवस ताणत राहते त्यामुळं उतरणारच. तार गुंडाळलेली खुंटी सटकत असेल तर काढून तिला साधा खडू घास, आणि फिरवताना आत दाबत फिरव, नुसती पिळलीस की तासाभरात परत ढिली. खुंटीनं सूर जवळ आण, उरलेलं घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्यानं, पण मणी आधीच पार खाली जाऊन बसला असेल तर वर घे, नाहीतर सूर चढवायला जागाच नाही. सूर बरोबर असून आवाज मेल्यासारखा वाटला तर घोडीवर तारेखाली असलेला दोरा केसभर सरकव, झणकार उघडतो. तरीही नाहीच उघडला तर मग मिरजेला सतारमेकर गल्लीत ने, जवारी घरी कानस घेऊन घासत बसू नकोस प्लीज. पावसाळ्यात तर रोज लावावाच लागतो बाबा.