त्यांना एकदा तुमच्या खोलीत बसवा

प्रश्न : ताई, सात महिन्यांपूर्वी आमच्या शेजारी नवीन कुटुंब राहायला आलं. आमची झोपायची खोली आणि त्यांची बैठकीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. रात्री अकरा वाजले की त्यांचं संगीत सुरू होतं. गाणं कळत नाही, शब्द कळत नाहीत, नुसतं धप् धप् धप्. दीड-दोनपर्यंत चालतं. नवऱ्याने दोनदा भिंतीवर बुक्क्या मारल्या, एकदा रात्री दारात जाऊन तावातावाने बोलून आला. तेव्हापासून ते जिन्यात दिसले की मान फिरवतात, आणि आवाज आहे तसाच आहे. आता तर ज्या रात्री सगळं शांत असतं त्या रात्रीही मी जागीच असते, ‘आता सुरू होईल’ म्हणून. कोणी म्हणतं भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, कोणी म्हणतं फोम लावा. नवरा म्हणतो, पहाटे पाचला आपणही मोठ्याने लावू, मग कळेल त्यांना. मी काय करू? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : शांत रात्रीही जागी असते, ही तुमची ओळ मी तीनदा वाचली. तुमचा खरा त्रास तिथे आहे असं मला वाटतं, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी आवाजाच्या त्रासावर बरेच प्रयोग केले आणि १९७२ साली ते पुस्तकरूपाने मांडले. एका प्रयोगात दोन गटांना सारखाच कर्कश, अवचित येणारा आवाज ऐकवला. एका गटाच्या हाताशी एक बटण होतं. फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, असं त्यांना सांगितलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात त्यांनी कमी चुका केल्या आणि अवघड कोडी सोडवताना ते जास्त वेळ टिकून राहिले. कानावर पडलेला आवाज दोन्ही गटांना तेवढाच होता. तुमच्याकडे असं बटण नाही, म्हणून तुम्ही रात्रभर कान देऊन पडून राहता. तेव्हा तुम्ही हळव्या आहात, चिडखोर आहात असं कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. झोपेतही कान मिटत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात. झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मध्येच येणारा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलं आहे. शांत झोप मागताय, त्यात जास्तीचं काही नाही.

आता भिंतीकडे येऊ. मी तीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढली, त्यामुळे अंड्यांच्या ट्रेबद्दल ठामपणे सांगते : लावू नका. फोमवरही खर्च करू नका. स्टुडिओत भिंतीला जो फोम दिसतो तो खोलीतल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून असतो. बाहेरचा आवाज अडवायला लागतं वजन, मध्ये मोकळी हवा असलेली दुहेरी भिंत, आणि फटी बुजवलेलं जड दार. फोमला वजनच नसतं, तो काय अडवणार?

त्यात तुम्हाला छळणारा आवाज आहे खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला. ५० हर्ट्‌झच्या खर्जाची एक लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. बोलण्याचा, भांडणाचा आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते. खर्जापुढे ती स्वतःच थरथरते. उद्या रात्री धपधप सुरू झाली की भिंतीला तळहात टेकवून बघा. हाताला कंप जाणवला, तर बहुतेक त्यांचा स्पीकर भिंतीला चिकटून किंवा थेट जमिनीवर ठेवलेला आहे. कंप जाणवत नसेल तर फटी शोधा. विजेच्या बोर्डाचा खड्डा, पाइप भिंतीतून जातो ती जागा, दाराखालची फट. तिथे लांबी (पुट्टी) किंवा रबराची पट्टी भरली की वरच्या पट्टीतले आवाज बरेच कमी होतात. पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट त्या भिंतीशी ठेवलं तर त्याचाही थोडा आधार होतो. खर्जाला मात्र यातलं काहीच पुरत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. पलंग हलवा. खर्जाचा जोर भिंतीलगत आणि सगळ्यात जास्त कोपऱ्यात असतो, आणि बहुतेक घरांत पलंगाची उशाकडची बाजू नेमकी तिथेच असते. तीन-चार फूट पुढे ओढून तिथे पडून ऐका, मग उशी-पायथा बदलून ऐका. काही हातांच्या अंतरावर तोच आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो. पलंगाची फळी भिंतीला अजिबात टेकू देऊ नका.

कानात घालायचे फोमचे बोळे वापरून पाहिले असतील आणि उपयोग झाला नसेल, तर घालण्याची पद्धत तपासा. बोळा बोटांत वळून अगदी काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा काही कामाचा नाही. पंख्याची एकसुरी घरघरही बरी, तुटक धपधप तिच्यात थोडी बुडते. पण आवाजावर आवाज चढवत नेऊ नका.

आणि आता मुख्य गोष्ट. पलीकडच्या लोकांना तुमच्या खोलीत काय ऐकू येतं ते ठाऊकच नाही, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तुमच्या यजमानांच्या बुक्क्यांनी त्यांना एवढंच कळलं की शेजारी संतापलेत. कशाने, किती, कुठल्या खोलीत, यातलं काही कळलं नाही. त्यांच्या घरात ते साधं, बेताच्या आवाजातलं गाणं असेल. भिंत वरचे सूर गाळून फक्त धपधप तुमच्याकडे पाठवते. म्हणून त्यांना तुमच्या खोलीत बोलवा.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या उशाशी रोज रात्री साडेदहाला भिंतीतून ‘खर्रर्र... ठक्’ असा आवाज यायचा. आवाजाचं काम करणारी मी, तरी चार महिने दात-ओठ खात पडून राहिले. शेवटी एका दुपारी शेजारणीला म्हटलं, आज रात्री दहा मिनिटं माझ्याकडे येऊन बसता का? ती आली, माझ्या पलंगावर बसली. पलीकडे तिच्या नवऱ्याने रोजच्यासारखं लोखंडी कपाट उघडून बंद केलं. ठक्. ती दचकून उभीच राहिली. “अगं बाई, हे एवढं येतं?” कपाटाची पाठ भिंतीला टेकलेली होती, दुसरं काही नाही. त्याच रात्री त्यांनी ते चार बोटं पुढे ओढलं आणि पायांखाली रबराचे तुकडे सारले. मी चार महिने ज्यांना मनातल्या मनात निष्काळजी ठरवलं होतं, त्यांना मी एका शब्दानेही काही सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे आधीच वाजलेलं आहे, म्हणून आधी तो काटा काढा. दिवसाउजेडी जा, गाणं चालू असताना जाऊ नका. सुरुवात अशी करा : “त्या रात्री हे फार चिडून बोलले, त्याबद्दल वाईट वाटतं.” मग सरळ विनंती : “अकरानंतर तुमच्या स्पीकरचा खर्ज आमच्या पलंगापर्यंत येतो. एकदा येऊन ऐकाल का?” आले, की एकाने त्यांच्या घरी स्पीकरपाशी राहायचं, बाकीच्यांनी तुमच्या खोलीत, आणि फोनवर बोलत खर्जाचं बटण हळूहळू कमी करत जायचं. तुमच्याकडे धपधप थांबली की त्या जागी बटणाशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. रात्री अकरानंतर या खुणेच्या आत. स्पीकर भिंतीपासून दूर, खाली जाड रबर किंवा गादीचा तुकडा. खर्ज उतरवला तरी गाणं त्यांना ऐकता येतंच, म्हणून लोक याला सहसा तयार होतात.

थॉमस कार्लाइल या लेखकाने शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोला वैतागून १८५३ मध्ये लंडनच्या आपल्या घरावर दुहेरी भिंतींची खास खोली बांधून घेतली. पैसा ओतूनही ती हवी तशी शांत झाली नाही. कोंबड्यांचा बंदोबस्त केला तो त्याच्या पत्नीने, जेनने, शेजाऱ्यांशी बोलणी करून.

पहाटे पाचचा बेत मात्र यजमानांना सोडून द्यायला सांगा. त्या दिवसापासून तक्रार करायची जागा तुमच्याकडे उरणार नाही.

बोलूनही फरक पडला नाही, तर वहीत नोंदी ठेवा : तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, कसला आवाज. फोनवरच्या आवाजमापकाच्या आकड्यावर वाद घालू नका, खर्ज मोजण्यात ते फसतात. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींसह आधी एक साधं पत्र शेजाऱ्यांना, मग इमारतीचा कारभार पाहणाऱ्यांना किंवा घरमालकाला, आणि अगदी शेवटी पोलिसांत. मात्र भिंतीपलीकडून कधी मारहाणीचा किंवा मदतीच्या हाकांचा आवाज आला, तर या पायऱ्या विसरा आणि लगेच मदत बोलवा.

आवाज थांबला तरी पहिले काही दिवस तुम्ही जाग्याच राहाल, त्याने घाबरू नका. अर्ध्या तासात झोप लागली नाही तर भिंतीकडे कान लावून पडून राहू नका, दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, डोळे जड झाले की या. कपाट सरकवल्यावरही साडेदहाला माझे कान टवकारायचेच. ते थांबायला महिना लागला.