दर तासाचा नमुना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पहाटे पावणेचार वाजता पाठवलेले पत्र मी सकाळी चहाच्या वेळी वाचले, सोबतचे पाचही रिपोर्ट चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि आता दुपारी उत्तर लिहायला बसलो आहे. चार महिन्यांत पाच वेळा रक्त तपासून घेणे, आरशासमोर मोबाइलचा उजेड डोळ्यांत पाडून पिवळेपणा शोधणे, उजव्या बरगडीखाली बोटे रुतवून यकृत हाताला लागते का ते पाहणे, आपले तळहात लाल वाटतात म्हणून ऑफिसातल्या इतरांचे तळहात चोरून न्याहाळणे, हे सारे तू लाजत लाजत लिहिले आहेस. लाजू नकोस. तळहातांची गोष्ट सोडली तर बाकी सगळे मीही केले आहे. माझ्या वेळी मोबाइल नव्हता, म्हणून मी अंगणात जाऊन उन्हात आरसा धरीत असे.

तुझे वडील आणि मी एकाच साखर कारखान्यात होतो, ते शेती खात्यात आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट, एवढे तुला ठाऊक आहे. कारखान्याला लागूनच मळीपासून स्पिरिट काढणारी डिस्टिलरी होती आणि मी रोज संध्याकाळी पीत असे, हे बहुधा ठाऊक नसावे, कारण तुझ्या वडिलांनी तो विषय घरात कधी काढला नाही. मी ३६ वर्षांचा असताना आमच्या पाळीतला एक फिटर रक्ताच्या उलट्या होऊन गेला, आणि त्या रात्रीपासून मला भीतीने धरले. पंधरा दिवस धीर गोळा करून मी सांगलीला तपासण्या करून घेतल्या. सगळे आकडे मर्यादेत निघाले. परतताना एसटी स्टँडवर उतरलो आणि घरी जाण्याआधी तो आनंद साजरा करून मगच गेलो. त्यानंतर मी आणखी सहा वर्षे प्यायलो. वाईट रिपोर्टने माझे जेवढे नुकसान केले नसते तेवढे त्या चांगल्या रिपोर्टने केले, असे मला आजही वाटते.

म्हणून 'काका, रिपोर्ट बघून सांगा, माझे लिव्हर गेले आहे का' या तुझ्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही. एक तर मी डॉक्टर नाही. शिवाय 'नाही' म्हणालो तर तू आज संध्याकाळी निर्धास्तपणे पिशील आणि 'हो' म्हणालो तर घाबरून पिशील, हे मला स्वानुभवाने कळते.

मात्र त्या कागदांवर जे लिहिले आहे ते समजून घेण्यात गैर काही नाही. एसजीओटी, एसजीपीटी आणि जीजीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स. तुझे एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा दीडपटीहून जास्त आहे, जीजीटी वाढलेले आहे, तांबड्या पेशींचा आकार नेहमीपेक्षा मोठा झाला आहे आणि सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचे फॅटी लिव्हर म्हटले आहे. हे सगळे एकत्र दिसले की डॉक्टर पहिल्यांदा दारूविषयीच विचारतात. फॅटी लिव्हर म्हणजे यकृताच्या पेशींत साठलेली चरबी. सतत भरपूर पिणाऱ्या बहुतेक सर्वांच्या यकृतात ती साठते, आणि दारू पूर्ण थांबली की काही आठवड्यांत ती उतरू लागते. त्यापुढची पायरी म्हणजे दाह, आणि त्याच्याही पुढची म्हणजे सिऱ्होसिस, ज्यात मऊ यकृताच्या जागी व्रणासारखे घट्ट तंतू तयार होतात. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते वीस जण तिथवर पोहोचतात. ते दहा-वीस कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल: एसजीओटी आणि एसजीपीटी हे पेशी फुटल्याची वर्दी देतात, यकृताचे काम किती उरले ते सांगत नाहीत, सिऱ्होसिस झालेल्या माणसातही ते कधीकधी सामान्य निघतात. तेव्हा ज्या आकड्याची तू दर तीन आठवड्यांनी वाट पाहतोस, त्या आकड्यात तुला हवे असलेले अभय मुळातच नाही.

उजव्या कुशीत टोचते म्हणतोस, त्याचेही असेच. यकृताच्या आतल्या गाभ्याला वेदनेच्या नसाच नाहीत. त्याच्यावरच्या पातळ आवरणाला आहेत, आणि ते आवरण ताणले गेले तर जडपणा किंवा बोथट दुखणे जाणवते. क्षणभर टोचून जाणारी, जागा बदलणारी, बोटाने दाखवता येणारी कळ पुष्कळदा गॅसची किंवा बरगडीच्या स्नायूंची असते, आणि तू दिवसातून वीस वेळा तिथे बोटे रुतवतोस तर तिथले स्नायू दुखणारच.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गाळपाच्या हंगामात आम्ही दर तासाला रसाचा नमुना घेत असू, ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढीत असू, आम्लता पाहत असू. हे कशासाठी? आकडा बिघडला तर चुन्याचे प्रमाण बदलायचे, मिलवर पाणी कमी-जास्त करायचे, म्हणून. एका पाळीत आमचा एक नवा मुलगा इतका धास्तावलेला असे की तासाऐवजी दर दहा मिनिटांनी नमुना आणायचा, आणि चुन्याचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहू द्यायचा. नमुने घेऊन रस सुधारत नाही. तू त्याच पाळीवर आहेस. पाच रिपोर्ट झाले आणि संध्याकाळची बाटली होती तेवढीच राहिली.

त्याहून गंभीर बाब अशी की तुझ्या नमुन्यावरची चिठ्ठीच चुकीची आहे. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर मद्यपानासमोर तू 'कधीकधी' अशी खूण केली आहेस आणि मला लिहिताना 'रोज दोन-तीन पेग' म्हटले आहेस. पण त्याच पत्रात पुढे 'एक चपटी संपते' असेही लिहून गेला आहेस. चपटी म्हणजे १८० मिली. त्यावर ४२.८ टक्के छापलेले असते, म्हणजे निव्वळ अल्कोहोल ७७ मिली, आणि त्याची घनता ०.७८९ धरली तर वजन होते ६१ ग्रॅम. शुक्रवारी आणि शनिवारी त्यावर दोन-दोन स्ट्राँग बिअर, प्रत्येकी ६५० मिली, आठ टक्क्यांच्या, म्हणजे दर बाटलीला आणखी ४१ ग्रॅम. आठवड्याची बेरीज ५९० ग्रॅमच्या आसपास जाते. हा आकडा डॉक्टरांच्या हाती नसेल तर त्यांनी रिपोर्ट वाचून काय सांगायचे? मला माझा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडायला सहा वर्षे लागली, आणि मी तर रोज द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर हाती घेऊन काम करणारा माणूस!

याच हिशेबात तुझ्या पावणेचारच्या जागेपणाचेही उत्तर आहे. शरीर सरासरीने तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते. साडेआठला बसलास तर ६१ ग्रॅमचा निकाल पहाटे तीन ते पाचच्या सुमारास लागतो. दारू मेंदूतला शांत करणारा रसायनांचा मार्ग जोराने चालवते आणि उत्तेजित करणारा दाबून धरते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलट्या दिशेने जोर लावायला शिकतो. दारू उतरते तेव्हा तो उलटा जोर एकटाच उरतो. छातीत धडधड, घाम, हातापायांना कंप, 'काहीतरी भयंकर होणार' ही भावना, हे त्या उरलेल्या जोराचे काम असते. त्यातच घाबरून भराभर श्वास घेतला की ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, आणि त्या मुंग्यांचा अर्थ तू मोबाइलवर 'नसा खराब होणे' असा शोधतोस. दारूने नसा खराब होतात हे खरे आहे, पण त्याची सुरुवात बहुधा पायांच्या बोटांपासून होते आणि ती पंधरा मिनिटांत जात नाही. सारांश, ज्या भीतीसाठी तू संध्याकाळी पितोस तिचा मोठा भाग पहाटे ती दारूच तयार करून देते.

तपासणीचेही तसेच झाले आहे. पहिल्या रिपोर्टनंतर दोन आठवडे बरे वाटले, पाचव्यानंतर संध्याकाळपर्यंतच टिकले, असे तूच लिहिले आहेस. माझी दारू अशीच वाढली होती. तेव्हा नवा रिपोर्ट, डोळ्यांची तपासणी, कुशीत बोटे रुतवणे आणि रात्रीचा शोध हे चारही व्यवहार मी सांगतो त्या भेटीपर्यंत बंद ठेव. हुक्की येईल, वीस मिनिटे हात मागे बांधून बस, ती उतरते. दारू सुटून काही आठवडे झाल्यावरही आजाराची धास्ती तशीच राहिली, तर तिच्यावर वेगळे उपचार आहेत, समुपदेशनाचे आहेत आणि गरज पडल्यास औषधांचेही. त्यांत कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात ती, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत, विशेष उपयोगी पडते. पण दारू चालू असताना धास्ती किती तुझी आणि किती बाटलीची, हे कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला नीट सांगता येणार नाही.

पुढचे वाक्य दोनदा वाच. उद्यापासून एकदम बंद करू नकोस. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो, असे तू ओझरते लिहिले आहेस. माझ्या दृष्टीने तुझ्या पाच रिपोर्टांपेक्षा ते एक वाक्य महत्त्वाचे आहे. ४२ व्या वर्षी मी आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि त्या क्षणापासून थेंबाला शिवलो नाही. तिसऱ्या रात्री भिंतीतून लाल मुंग्यांची रांग माझ्या अंथरुणावर उतरताना मला दिसत होती आणि तुझ्या काकूला मी ओळखत नव्हतो. यात माळेचा दोष नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडले तर सहा ते चोवीस तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा भ्रम होऊ शकतो, ज्याने जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांच्या औषधांनी आणि थायमिनने (बी-१ जीवनसत्त्वाने) हेच सुरक्षितपणे पार पडते. तोवर मित्राने दिलेली झोपेची गोळी दारूवर घेऊ नकोस, त्याने श्वास मंदावतो. रोज सकाळी डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग.

काही गोष्टींसाठी मात्र भेटीची वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचे: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दुसऱ्यांनाही दिसेल अशी डोळ्यांची पिवळी झाक, पोट फुगणे, पाठीत आरपार जाणारी पोटाच्या वरच्या भागातली असह्य कळ आणि थांबत नसलेल्या उलट्या, फिट, किंवा बोलण्यात भ्रम. यांतले तुला आज काहीही नाही. आरशातली तुझी पिवळी झाक तुझ्या आईला दिसलेली नाही, आणि आईला दिसत नाही ती कावीळ मी मानीत नाही.

लिव्हर टॉनिकच्या दोन बाटल्या घेतल्यास, त्याबद्दल रागावत नाही. मीही घेत असे, आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवणाऱ्या एका वैदूकडेही जाऊन आलो होतो. केमिस्ट असून! कोणत्याही टॉनिकने रोजच्या ६१ ग्रॅमचे नुकसान भरून निघत नाही.

कुठे जायचे, तर तू पुण्यात आहेस हे सोयीचे आहे. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेले. तिथे दाखल व्हायचे की बाहेरून औषधोपचार घ्यायचा, हे तिथले डॉक्टर तुला पाहून ठरवतील. रात्री फारच घाबरलास तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोल. व्यसनासाठीची सरकारी मदतवाहिनी १४४४६ आहे. मला स्वतःला सोडल्यानंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांनी टिकवले, कारण तिथे मी आकडा खोटा सांगितला तर ऐकणाऱ्यांना लगेच कळत असे.

येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीने मी निघतो, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोहोचेन. शुक्रवारची भेट ठरवून टाक. मी सोबत येईन, पण आत बोलशील तू. एका कागदावर एवढेच लिहून ठेव: किती वर्षांपासून, रोज किती मिली, सकाळचा कंप केव्हापासून, कोणत्या गोळ्या, आणि घरात कोणाला यकृताचा आजार होता का. पाच रिपोर्टांची फाइल बरोबर घे. हिपॅटायटिस बी आणि सी, यकृताचा घट्टपणा मोजणारे फायब्रोस्कॅन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची वेळ, यांपैकी काय करायचे आणि पुन्हा केव्हा करायचे, ते त्या डॉक्टरांना ठरवू दे, आणि त्यांनी दिलेल्या तारखेच्या आधी पुन्हा रक्त द्यायचे नाही. तोवर रोजच्यापेक्षा एक थेंबही जास्त नको, पिण्याआधी पोटभर जेव, आणि कंप वाढला तर गुरुवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मला फोन कर. रात्र असली तरी चालेल, मी पहाटे चारला उठतोच.

आईला सध्या काका येत आहेत एवढेच सांग. तिला बाकीचे बरेच कळले असावे, असा माझा कयास आहे.

तुझा,
काका