वाचकांचे प्रश्न : सॅव्हरनॅकचं रान आणि मार्लबरोचा बाजार

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं सॅव्हरनॅकचं जंगल आणि त्याला लागून असलेलं मार्लबरो हे बाजारगाव, यांबद्दल आलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही स्विंडनला राहतो. आई-बाबा म्हापशाहून आले आहेत, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे दुखतात. जंगल आणि गाव एका दिवसात होईल का? आधी काय करावं? – एक वाचक, स्विंडन

आरामात होईल. स्विंडन ते मार्लबरो जेमतेम १८ किलोमीटर, आणि थेट बस आहे. (चालकाला ‘मार्लबरो’ सांगून कळलं नाही तर ‘मॉलब्रा’ म्हणून पाहा, जुनी माणसं तसंच म्हणतात.) पण बस गावापर्यंतच नेते. पुढे जंगलाकडे पोस्टर्न हिलचा खडा चढ लागतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तो नाही, तेव्हा त्या दिवशी गाडीच काढा.

सकाळ जंगलाला आणि दुपार गावाला द्या. उलट केलंत तर जेवण करून, पाय जड झाल्यावर जंगलात शिराल. हिवाळ्यात तर उजेडही हातचा जाईल, कारण डिसेंबरअखेर चार वाजताच सूर्य मावळतो. निघताना स्वच्छतागृहाचं घरीच उरकून घ्या किंवा गावात पाच मिनिटं थांबा. जंगलात ती सोय मिळेल असं धरून चालू नका.

गावातून ए-४ रस्त्याने पूर्वेला निघालात की सुमारे तीन किलोमीटरवर फॉरेस्ट हिलला उजव्या हाताला दगडी खांब दिसतात. तिथून ग्रँड ॲव्हेन्यू सुरू होतो. हा दुतर्फा बीच वृक्षांचा सरळसोट रस्ता सहा किलोमीटरहून थोडा लांब आहे. ही लागवड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बीचचं आयुष्य साधारण दोनशे-अडीचशे वर्षांचं, म्हणजे पहिल्या पिढीची झाडं आता शेवटाला आली आहेत. मधेमधे मोकळ्या जागा आणि तिथे लावलेली कोवळी रोपं दिसतात ती त्यामुळे. रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा आहे, गाडी हळू हाका. बाबांना चालायला नको वाटलं तर या रस्त्याने गाडीतून नुसतं जाणंही वाया जात नाही.

गाडी लावताना एक पथ्य पाळा. जुन्या झाडाच्या घेराखाली लावू नका. चाकांनी माती दाबली जाते, मुळांना हवा आणि पाणी मिळेनासं होतं आणि झाड पंधरा-वीस वर्षांत वरून वाळत येतं. शिवाय वारा नसलेल्या, कडक उन्हाच्या दुपारी बीचची धडधाकट दिसणारी फांदी अचानक कोसळते. सतरंजी पसरतानाही हे ध्यानात ठेवा.

ॲव्हेन्यूच्या मध्यावर ‘आठ वाटा’ नावाची जागा आहे. तिथे आठ दिशांच्या आठ सरळ वाटा एकत्र येतात. फसायची हमखास जागा हीच, कारण आठही वाटा सारख्याच दिसतात. आपण कुठल्या वाटेने आलो ते होकायंत्रावर पाहून घ्या, किंवा आलेल्या वाटेकडे तोंड करून फोनवर एक फोटो काढा. झाडीत फोनची रेंज भरवशाची नसते. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला १५७ क्रमांकाचा कागदी नकाशा जवळ असू द्या. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर या मापाचा असल्याने त्यात वाटन्‌वाट दिसते.

प्रश्न : हे जंगल खासगी मालकीचं आहे असं वाचलं. मग आत जायला परवानगी लागते का? – एक वाचक, कोल्हापूर

लागत नाही, तिकीटही नाही. नॉर्मन काळापासून हे रान वंशपरंपरेने एकाच घराण्याच्या शाखांकडे आलं आहे. त्यातलंच सीमोर घराणं, आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर हिचं. १९३९ मध्ये झाडीची जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारी वनखात्याकडे गेली, मालकी मात्र घराण्याकडेच राहिली. मालकी दाखवण्यासाठी वर्षातून एक दिवस खासगी रस्ते बंद ठेवण्याची रीत आहे. नेमके त्याच दिवशी पोचलात तर नशीब!

प्रश्न : हजार वर्षांचा ओक खरंच उभा आहे का? आत पोकळ असूनही जगतो कसा? – एक वाचक, पुणे

उभा आहे. त्याचं नाव ‘बिग बेली’, आपण ढेरपोट्या म्हणू. खोडाचा घेर सुमारे ११ मीटर, वय हजाराच्या आसपास धरलं जातं. या रानाचं नाव राजा ॲथेलस्टनच्या ९३४ सालच्या सनदेत येतं, म्हणजे झाड आणि नाव जवळपास एकाच पिढीतले. खोड फाकू नये म्हणून त्याला लोखंडी पट्टा आवळला आहे. मध्यरात्री विवस्त्र होऊन त्याच्याभोवती बारा उलट्या प्रदक्षिणा घातल्या की सैतान भेटतो, अशी तिथली वदंता आहे. ऑक्टोबरच्या थंडीत सैतानाआधी न्यूमोनिया भेटेल.

पोकळपणाचं कोडं सोपं आहे. झाडाचं पाणी वाहतं ते सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून. मधलं लाकूड मेलेलंच असतं, ते केवळ आधार देतं. बुरशी ते कुजवते तेव्हा झाडाचं फारसं बिघडत नाही. उलट त्या कुजलेल्या लाकडातलं सत्त्व मुळांना परत मिळतं आणि नळीसारखं पोकळ खोड वाऱ्यात बरंच तगून राहतं. म्हातारा ओक वरून वाळवतो, खाली नवा लहान घेर धरतो आणि तसाच शतकानुशतकं रेटतो. शेंड्याला वाळक्या फांद्या शिंगांसारख्या दिसल्या म्हणजे झाड चाललं, असा अर्थ घेऊ नका.

बुटका, डोक्यावर फांद्यांचा गुच्छ असलेला ओक दिसला की तो पूर्वी छाटलेला आहे असं समजा. गुरं-हरणांचं तोंड पोचणार नाही अशा दोन-तीन मीटर उंचीवर तोडून दर काही वर्षांनी नवी लाकडं घेत असत. वारंवार छाटल्याने झाड डोईजड होत नाही, वादळात पडत नाही, म्हणून छाटलेलेच ओक जास्त जगले. इथल्या कितीतरी जुन्या झाडांवर नावाच्या छोट्या पाट्या आहेत. घाईत ॲव्हेन्यूवरून परतणाऱ्यांना त्या दिसत नाहीत, त्यासाठी आडवाटेला पायी शिरावं लागतं. आमच्या मते सॅव्हरनॅक पाहायचं ते या म्हाताऱ्यांसाठी. ॲव्हेन्यू देखणा आहेच, पण तसे सरळ रस्ते इंग्लंडात इतरत्रही मिळतात.

सावधगिरी एकच. बिग बेली अगदी ए-३४६ रस्त्याच्या कडेला आहे, गाड्या भरधाव जातात आणि पदपथ नाही. रस्त्याकडेने चालत जाऊ नका, जंगलाच्या आतल्या बाजूने या.

घेर मोजायचा तर टेप जमिनीपासून दीड मीटरवर धरा. मुळाशी मोजलात तर आकडा उगाच फुगतो.

प्रश्न : मे महिन्यात निळ्या फुलांचा गालिचा पाहायचा आहे. सॅव्हरनॅकलाच जावं का? – एक वाचक, ठाणे

ब्लूबेलसाठी सॅव्हरनॅक दुसऱ्या क्रमांकावर. मार्लबरोच्या नैर्ऋत्येला साधारण पाच किलोमीटरवर वेस्ट वूड्स आहे, तिथे जा. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचे पहिले आठ-दहा दिवस हा भर. ‘मे महिन्यात’ म्हणून वीस तारखेचं तिकीट काढलंत तर वाळके देठ पाहाल. बीचला पालवी फुटून वर छत मिटण्याआधी जमिनीवर ऊन पोचतं तेवढ्यात ही फुलं आपलं उरकून घेतात. थंडी लांबली तर फुलणंही लांबतं.

वाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नका. फूल मोडलं तर निभतं, पण पानं चिरडली की कंदाला पुढच्या वर्षाचं अन्न साठवता येत नाही. बीपासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, तोवर पायवाटेची जखम दिसत राहते. कंद उपटणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे. सुट्टीच्या दिवशी छोटा वाहनतळ दहापर्यंत भरतो, आठला पोचा.

त्याच रानात वाळूच्या दगडाचे मोठाले शेवाळलेले धोंडे पडलेले दिसतील. त्यांना सारसेन म्हणतात. स्टोनहेंजच्या उरलेल्या ५२ सारसेनांपैकी ५० याच भागातून गेल्याचं २०२० मध्ये रासायनिक तपासणीतून पुढे आलं. स्टोनहेंज इथून सुमारे २५ किलोमीटर. १९५८ च्या दुरुस्तीत एका शिळेला भोक पाडून काढलेला दगडाचा गज साठ वर्षांनी परत मिळाला, त्यावरून हा माग लागला. फुलं पाहायला जाणारे बहुतेक लोक या धोंड्यांवर डबे उघडून बसतात, त्यांना पत्ताही नसतो.

प्रश्न : जंगलात गावच्या अळमीसारखी दिसणारी अळंबी आणि लसणाच्या वासाची पानं दिसली. घरी आणून करता येतील का? – एक वाचक, स्विंडन

अळंबी नाही म्हणजे नाही. गोव्यातली अळमी वारुळावर, वाळवीच्या जोडीने उगवते. इंग्लंडात तशी वारुळं नाहीत, त्यामुळे ती अळमी तिथे असूच शकत नाही. तिथे ओक-बीचखाली उगवते ती ‘डेथ कॅप’ ही जीवघेणी अळंबी. आशियातून आलेली माणसं तिला भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून फसतात, कारण लहानपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात आणि दोन्हींच्या बुडाशी वाटी असते. शिजवून, वाळवून विष जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मग उलट्या-जुलाब होऊन मधे बरं वाटतं, आणि त्या बऱ्या वाटण्यातच यकृत निकामी होत असतं. चुकून खाल्ली गेली तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा, उरलेली अळंबी किंवा तिची सालं सोबत न्या. लसूण काळी पडते की नाही, चांदीचं नाणं काय सांगतं, या परीक्षांना काडीचा आधार नाही.

लसणाची पानं म्हणजे रानलसूण. ती खरी खाण्याची, पण तिच्याच गर्दीत लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाचं झुडूप उगवतं. ते आपल्या अळूच्या कुळातलं, आणि खाजऱ्या अळूसारख्याच सुया त्याच्याही पानात असतात. जीभ-घसा सुजतो. चिंच घालून निभावून नेण्यातला हा प्रकार नव्हे. वासावर जाऊ नका, चार पानं खुडली की हातालाच लसणाचा वास लागतो आणि पुढचं प्रत्येक पान लसूणच वाटतं. तसंही सॅव्हरनॅक बुरशी आणि दगडफुलाच्या जातींसाठी संरक्षित आहे. तिथून काहीच खुडू नये हे बरं.

प्रश्न : गोचिडीची भीती कितपत खरी? – एक वाचक, नागपूर

खरी आहे, पण घाबरून जाऊ नका. गोचीड उंच गवत आणि नेच्यांवर बसलेली असते. पँट मोज्यात खोचा, वाटेच्या मधून चाला, घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि मुलांच्या केसांची कड तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, तूप, उदबत्ती, चुना यांतलं काही लावू नका. त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. पुढचे चार आठवडे त्या जागेवर नजर ठेवा. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा चट्टा गोऱ्या कातडीवर लाल वर्तुळासारखा दिसतो, आपल्या सावळ्या अंगावर तो जखमेच्या काळ्यानिळ्या डागासारखा वाटू शकतो. डॉक्टरला ‘जंगलात गेलो होतो’ हे आपणहून सांगा.

प्रश्न : मार्लबरोचा मुख्य रस्ता इतका रुंद का? आणि गावात नेमकं काय पाहावं? – एक वाचक, नाशिक

बाजारासाठी. १२०४ मध्ये जॉन राजाने गावाला बाजाराची सनद दिली. बाजार भरवणं हा इंग्लंडात हक्क होता, वाटेल त्या गावाला तो मिळत नसे. तेराव्या शतकातल्या कायदेपंडितांचा हिशेब असा, की माणूस दिवसात वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करा, एक जायला, एक बाजारहाटाला, एक परतायला. म्हणून शेजारचा बाजार सुमारे पावणेसात मैलांच्या आत नसावा. आठवडी बाजाराची गावं ठरावीक अंतरावर का असतात हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

बाजार आजही बुधवारी आणि शनिवारी हाय स्ट्रीटवर भरतो. त्या दिवशी रस्त्याच्या मधल्या वाहनतळाची जागा दुकानं खातात, तेव्हा गाडी मागच्या वाहनतळात लावा. ऑक्टोबरात आणखी एक घोळ असतो. ११ तारखेच्या मागेपुढे दोन शनिवारी ‘मॉप’ जत्रा भरते, धाकटी आणि थोरली. पूर्वी इथे गडीमाणसं वर्षाच्या बोलीवर ठरत, आता आकाशपाळणे असतात. रस्ता बंद, बस दुसरीकडून. जत्रेसाठीच जायचं तर जा, शांत गाव पाहायचं तर ते दोन शनिवार टाळा.

घरं एका नजरेत जुनी वाटतात, पण बहुतेक १६५३ नंतरची. त्या वर्षी २८ एप्रिलला एका चांभाराच्या कातडी कमावण्याच्या आवारात आग लागली आणि अडीचशेच्या आसपास घरं गेली. कातडी कमावायला ओकची साल लागे, त्यामुळे रानाकाठच्या गावात हा धंदा असणं साहजिकच. पुन्हा दोनदा आगी लागल्यावर १६९० मध्ये संसदेनेच गावात गवती छपरांना बंदी घातली. म्हणून आज वर मान केली की कौलंच कौलं. उत्तरेच्या बाजूला खांबांवर पुढे आलेली छपरं आहेत, पावसात त्यांच्याखालून अख्खी रांग पाहता येते.

पैसे आणि वेळ घालवावा असं एक घर म्हणजे मर्चंट्स हाऊस, आगीनंतर एका रेशीमव्यापाऱ्याने बांधलेलं. जेवणघराच्या भिंतींवर रेशमी कापडाचा भास देणारे रंगीत पट्टे रंगवले आहेत. ते हंगामातच आणि वाटाड्यासोबतच पाहता येतं, वेळ आधी विचारून घ्या. पश्चिम टोकाच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये १४९८ साली टॉमस वुल्झीला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, पुढे तो आठव्या हेन्रीचा सर्वेसर्वा झाला. त्यापलीकडे मार्लबरो कॉलेजच्या (नाव कॉलेज, पण आहे ती शाळा) आवारात १९ मीटर उंचीची मातीची टेकडी आहे. लोक तिला किल्ल्याची समजत. मातीचे नमुने काढल्यावर ती इसवी सनपूर्व २४०० च्या सुमाराची निघाली. ती मात्र शाळेच्या हद्दीत आहे, ठरलेल्या दिवशीच उघडते. फाटकाशी हुज्जत घालू नका.

प्रश्न : परतीला संध्याकाळ झाली तर जंगलातल्या रस्त्याने यावं का? – एक वाचक, रीडिंग

या, पण वेग कमी ठेवून. कातरवेळी हरणं रस्ता ओलांडतात. एक हरीण गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच. समोरून गाडी नसेल तर प्रखर दिवे लावा, हरीण दिसताच मंद करा. प्रखर झोतात ते जागीच थिजतं.