घरचे बेदाणे आणि सासऱ्यांची किडनी

प्रश्न : सासऱ्यांची किडनी निम्म्याहून कमी चालते, डायलिसिस नाही. रक्तातलं पोटॅशियम ५.८, म्हणजे जास्त आलंय. घरचे बेदाणे रोज मूठभर खातात. बीपीसाठी मीठही ‘लो सोडियम’चं आणलंय. काय चुकतंय? – एक सून, तासगाव

उत्तर : ताई, ते मीठ आजच बंद करा. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. दुबळी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. साधंच मीठ वापरा, पण मोजून. लोणचं-पापड नको. रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, मात्र गोळ्या मनाने थांबवू नका.

बेदाण्याचं सांगताना मलाही जड जातं, मी बेदाणे वाळवायच्या शेडवरच वाढले. पण १०० ग्रॅम बेदाण्यात साधारण ७५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, ताज्या द्राक्षांत १९०च्या आसपास. बेदाणे थांबवाच. शहाळ्याचं पाणीही नको. बटाट्याच्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, आमटीत घालू नका. डाळ किती, हे आहारतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. उगाच उपाशी ठेवू नका त्यांना.