एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही केमोसोबत हिपॅटायटीस बीची गोळी का?

तुमच्या आईंना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, आर-चॉप ही केमो सुरू व्हायचीय, एचबीएसएजी (सध्या हिपॅटायटीस बी आहे का हे बघणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे, तरी डॉक्टरांनी रोज एन्टेकॅविर ही हिपॅटायटीस बीची गोळी घ्यायला सांगितलंय. घरचे म्हणतात, आजारच नाही तर गोळी कशाला? मी केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. आधी एवढंच सांगते, गोळी बंद करू नका.

फाइलमध्ये 'अँटी-एचबीसी टोटल' (या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीची तपासणी) ही ओळ बघा, बहुधा पॉझिटिव्ह असेल. म्हणजे आईंना कधीतरी हिपॅटायटीस बी होऊन गेलाय. अनेकांना तो कळतही नाही. विषाणू दबतो, पण पुरता जात नाही. त्याचा डीएनए यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून राहतो. आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) संपवतं, जोडीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा डोस. पहारा उठला की विषाणू वाढायला लागतो. पुढे प्रतिकारशक्ती परतते आणि त्या पेशींवर तुटून पडते, तेव्हा कावीळ दिसते. म्हणूनच ती कधी कधी केमो संपून महिने उलटल्यावर होते, आणि काहींचं यकृत निकामी होतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 2013 मध्ये रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकावर याचा चौकटीतला इशारा छापायला लावला, तो उगीच नाही.

रिपोर्टमध्ये फक्त 'अँटी-एचबीसी आयजीएम' असेल तर तेवढ्यावर थांबू नका. आयजीएम ताजा संसर्ग दाखवतं, जुना नाही. टोटलच हवी. मात्र रिपोर्टसाठी केमो लांबवायची गरज नसते.

एन्टेकॅविर रिकाम्या पोटी घ्यायची: जेवणानंतर दोन तासांनी, आणि पुढचं खाणं त्यानंतर दोन तासांनी. आमच्याकडे बरेच जण रात्री झोपताना घेतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो.

मला खरी काळजी वाटते ती शेवटच्या सायकलनंतरची. स्कॅन चांगला येतो, घरी पेढे वाटले जातात आणि औषधांच्या डब्यातून ही गोळीही निघून जाते. तसं करू नका. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान 12 महिने, काही डॉक्टर 18 सांगतात, ती चालू ठेवायची. ती डॉक्टरांनी थांबवल्यावरही वर्षभर तरी एसजीपीटी आणि एचबीव्ही डीएनए (यकृताची आणि रक्तातल्या विषाणूची तपासणी) ठरल्या वेळी करून घ्या.

आणि तुम्ही भावंडंही हिपॅटायटीस बीची तपासणी करून घ्या, आईकडून तो मुलांना झालेला असू शकतो. बाळांना हिपॅटायटीस बीची लस देशभर सरकारी कार्यक्रमातून मिळू लागली ती 2011 पासून, त्यामुळे तुम्हाला लहानपणी मिळाली नसण्याचीच शक्यता जास्त.