जुन्या कंपाउंड धनुष्यावरचा सिरीयल नंबर कुठला, आणि त्यावरून धनुष्य किती सालचं ते कळतं का?

तुम्ही लिहिलंय की १५ वर्षांच्या मुलीसाठी होइट कंपनीचं एक वापरलेलं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य, मिळतंय. मॉडेलचं नाव खरवडलं गेलंय. लिंबवरच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावरच्या) स्टिकरवर ५०-६०, २८.५ आणि ५६.७५ असे आकडे आहेत, आणि रायझरवर, म्हणजे मधल्या धातूच्या दांड्यावर, पांढऱ्या रंगाने हाताने १७/४ लिहिलंय. यातला सिरीयल नंबर कोणता?

एकही नाही.

५०-६० हे पौंडातलं ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर: लिंब बोल्ट पूर्ण कसले की ६० आणि सैल केले की ५० च्या आसपास. २८.५ ही इंचातली ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाते ते. ५६.७५ ही मुख्य स्ट्रिंगची लांबी, तीही इंचात. शेजारी केबलची लांबी असायची, ती पुसली गेली असणार. ५६.७५ हा आकडा मात्र जपून ठेवा, धनुष्याचं साल काढायला सिरीयल नंबरपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

१७/४ बद्दल थोडं सावध राहा. हाताने रंगवलेला असा आकडा बहुधा डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीचा असतो. शाळा, क्रीडा प्रबोधिनी, सरकारी प्रशिक्षण केंद्र, कुठलीही संस्था आपल्या साहित्यावर असे नंबर टाकते. संस्थेने रीतसर निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून विकलं असेल तर काहीच हरकत नाही, पण तसा कागद विकणाऱ्याकडे मागा. एखाद्या क्लबने हौसेने टाकलेला नंबरही असू शकेल. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारलं म्हणून कोणी रागावत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

खरा सिरीयल नंबर रायझरवर शोधायचा. खालच्या लिंब पॉकेटच्या (लिंब जिथे रायझरमध्ये बसतं त्या खोबणीच्या) आसपास, खिडकीच्या (बाण जातो त्या कापलेल्या जागेच्या) आतल्या कडेला, ग्रिपच्या (मुठीच्या) वर-खाली, या जागा आधी बघा. ग्रिप स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढून खालीही बघा. साबणाच्या पाण्याने ओला केलेला फडका फिरवायचा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरायचा, म्हणजे एनोडायझिंगखाली (धातूवरच्या रंगीत थराखाली) दबलेले अंकही उठून दिसतात. तरी वाचता येईना तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा. थिनर, ॲसिटोन किंवा पॉलिश पेपर लावू नका, रायझरला नाही आणि लिंबला तर मुळीच नाही. काही धनुष्यांवर नंबर लिंबच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतो, पण लिंब बदलले की स्टिकरही बदलतं. रायझर म्हणजे गाडीची चासी. लिंब, कॅम (टोकांची चाकं), दोऱ्या सगळं बदललेलं असू शकतं, म्हणून रायझरवरचा नंबर आणि लिंबवरचा मजकूर जुळत नसेल तर काय बदललं आणि का बदललं ते विचारा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नंबर सापडला तरी त्यातून साल वाचता येईलच असं नाही. अमेरिकेत बंदुकीवर सिरीयल नंबर टाकणं १९६८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. धनुष्य बंदूक नसल्यामुळे तो कायदा त्याला लागत नाही. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने नंबर दिले. ‘पहिले दोन अंक म्हणजे साल’ अशी सूत्रं इंटरनेटवर सापडतात, त्यांच्यावर पैसे लावू नका. रायझरचा फोटो आणि नंबर कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करणं हा सरळ मार्ग. मोठ्या कंपन्या सहसा मॉडेल आणि साल सांगतात. वॉरंटीची आशा मात्र धरू नका, ती बहुतेक पहिल्या मालकापुरतीच असते.

पेटंटच्या नंबरानेही लोक फसतात. मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला, ते १९६९ च्या डिसेंबरात मंजूर झालं आणि १७ वर्षांनी संपलं. म्हणून जुन्या धनुष्यावर ३४८६४९५ हा आकडा दिसला तर तो पेटंटचा आहे, तुमच्या धनुष्याचा नाही. तो असेल तर धनुष्य साधारण १९८० च्या दशकातलं किंवा त्याआधीचं समजा आणि भिंतीवर टांगायला घ्या.

नंबराशिवाय साल काढायचं तर टेप घ्या. वरच्या एक्सलच्या (कॅमच्या आसाच्या) मध्यापासून खालच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ग्रिपच्या सर्वात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट. यात ५६.७५ ची स्ट्रिंग आणि कॅमवर छापलेलं अक्षर-आकडा मिळवलं की चार खुणा झाल्या. होइटचे सालवार ट्यून चार्ट निघतात, त्यात प्रत्येक मॉडेलची हीच मापं दिलेली असतात. चारही जुळणारी मॉडेलं सहसा एक-दोनच उरतात. लिंब बोल्ट सैल केलेले असतील किंवा दोरी ताणलेली असेल तर मापात थोडा फरक येतो, तेवढ्याने मॉडेल बाद करू नका. मग रंग बघा, कारण दर साली रंगांची यादी बदलते. एवढं करूनही नेमकं एकच साल हाती येईल असं नाही. टार्गेटचं मॉडेल कंपनी काही वर्षं चालू ठेवते, आणि पुढच्या सालचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शेवटीच बाजारात येतं. विकणारा ‘२०२० चं’ म्हणत असेल आणि बिल २०१९ च्या नोव्हेंबरचं असेल तर तो खोटं बोलतोय असं नाही.

ढोबळ वय तर नुसत्या नजरेने कळतं. प्लास्टिकचं आवरण असलेल्या स्टीलच्या केबल आणि टोकाला थेंबाच्या आकाराचे हुक, गोल चाकं, ओतीव मॅग्नेशियमचा रायझर, ४५ इंचांच्या आसपास लांबी, हे दिसलं की घ्यायचं नाही, किंमत कितीही कमी असो. कॅमोफ्लाजची नक्षीही बोलते. रिअलट्री आणि मॉसी ओक या दोन्ही नक्ष्या १९८६ च्या, त्यामुळे त्या असलेलं धनुष्य त्याआधीचं असू शकत नाही. टोपॉइंट, सानलिडासारख्या चिनी धनुष्यांवर नंबर नसला तर त्यावरून काही शंका घेऊ नका.

पण साल कळून तुम्हाला करायचं काय आहे? किंमत घासाघीस करून कमी करायला ते उपयोगी आहेच, पण खरी गरज वेगळी आहे. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि २.५ ने भागा. मुलगी १६० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उत्तर २५ च्या जवळपास येईल. स्टिकर म्हणतंय २८.५. म्हणजे कॅमचं मॉड्यूल (ड्रॉ लेंथ ठरवणारा कॅमवरचा भाग) बदलावं लागणार, किंवा कॅमच्या जातीनुसार अख्खा कॅम. जुन्या मॉडेलचे हे भाग कंपनी कधीतरी बंद करते, आणि मग सुंदर दिसणारं धनुष्य कोणाच्याच उपयोगाचं राहत नाही. पैसे देण्याआधी त्या मॉडेलचं २५ चं मॉड्यूल हातात यायला हवं, ‘मिळेल हो कुठेतरी’ चालणार नाही.

आणि ५० पौंड. कंपाउंडमध्ये लेट-ऑफ असतो, शेवटी फार कमी वजन हातात उरतं, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते खरं आहे, पण त्या टप्प्यापर्यंत पोचायला शिखराचं पूर्ण वजन ओढावंच लागतं. स्पर्धेतली कमाल मर्यादाच ६० पौंडांची आहे. नवख्या मुलीला ३०-४० पौंडांचे लिंब हवेत. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून पालक घाईत असतात. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आल्यावर तर विचारूच नका. खांदा मात्र घाई ऐकत नाही.

लिंब तपासायला कापसाचा बोळा पुरतो. कडांवरून हळूच फिरवा. धागे जिथे अडकतील तिथे तडा किंवा कूस उठलेली आहे. एक्सलजवळची टोकं जास्त बारकाईने बघा, आणि कॅमच्या खाचेवर ओरखडे किंवा कॅम वाकडा आहे का तेही. बाणाशिवाय दोरी सोडली गेली असेल तर खुणा याच ठिकाणी दिसतात. तुम्ही स्वतः बाणाशिवाय ओढून बघू नका, आणि बो प्रेसशिवाय, म्हणजे लिंब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, काहीही उघडू नका. दोऱ्यांचं साल माहीत नसेल तर नव्या सेटचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.

ती दोन मापं आणि कॅमवरचं अक्षर मिळालं की इथे लिहा, मॉडेल शोधून देतो. सिरीयल नंबर मात्र पूर्ण टाकू नका, शेवटचे तीन अंक झाका.